टेगुआ बेटावर समुद्र चढला की जमीन खचली?

शाळेच्या भूगोल प्रदर्शनासाठी ‘समुद्राने गिळलेले गाव’ या विषयाचा फलक करताना दक्षिण पॅसिफिकमधल्या वानुआतू देशातील टेगुआ बेटाची हकिकत आपल्या वाचनात आली. तिथले किनाऱ्यावरचे गाव 2002 ते 2004 या काळात आतल्या बाजूला हलवले गेले आणि त्या गावकऱ्यांना जगातले पहिले हवामान-निर्वासित म्हटले गेले, असे आपण वाचले. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी ‘त्यात तथ्य नव्हते, जमीनच खचली होती’ असेही वाचले. म्हणून समुद्र खरोखर चढला का, इतक्या आडबाजूच्या बेटावर साठेक माणसे रोजचे जगणे कसे चालवतात, आणि विद्यार्थ्यांनी फलकावर नेमके काय लिहावे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी टेगुआवर गेलेलो नाही, हे आधीच सांगतो. माझी नोकरी कोकण किनाऱ्यावर सर्वेक्षणात गेली; तलचिन्हांवरून, म्हणजे ठरावीक उंचीच्या पक्क्या खुणांवरून, उंची पुढे नेणे, खाड्यांमध्ये भरतीच्या नोंदी ठेवणे आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ का होतात याचा शोध घेणे, हे माझे काम होते. टेगुआ ज्या समूहात आहे त्या टोरेस बेटांविषयीचे मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मी ते व्यवसायाच्या कुतूहलाने बारकाईने वाचले, कारण त्यांत आमच्या धंद्यातली एक जुनी चूक मोठ्या प्रमाणावर दिसत होती. तिथल्या लोकजीवनाबद्दल मी जे सांगेन ते वाचनातून आलेले आहे, पाणी आणि पातळी यांबद्दलचे मात्र अनुभवातून.

आपले तीन प्रश्न मला वेगवेगळे वाटत नाहीत. छोट्या बेटावर पिण्याचे पाणी कुठे मिळेल, बाग कुठे लावता येईल, होडी कुठे ओढून ठेवता येईल आणि घर कुठे टिकेल, हे सारे जमीन समुद्राच्या तुलनेत किती उंच आहे यावर ठरते. ‘तुलनेत’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्यामुळे आधी बेटाचा आकार समजून घेऊ, मग माणसांकडे येऊ आणि शेवटी मोजणीकडे.

वानुआतूच्या अगदी उत्तर टोकाला, दक्षिण अक्षांश 13 अंशांच्या आसपास, टोरेस बेटांची लहानशी रांग आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे हिव, मेतोमा, टेगुआ, लिनुआ, लो आणि तोगा अशी तिची सहा मुख्य बेटे आहेत. सगळी मिळून लोकसंख्या हजाराच्या आसपास. टेगुआचे क्षेत्रफळ सुमारे 30 चौरस किलोमीटर आहे आणि 2009 च्या जनगणनेत तिथे 58 माणसे होती, म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम दोन. या विरळपणाला इतिहासही कारणीभूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांसाठी आणि फिजीसाठी या भागातून मजूर नेले गेले, काही फसवून आणि काही बळजबरीने. त्याच काळात बाहेरून आलेल्या साथींनी गावेच्या गावे ओस पाडली. त्यामुळे आजची रिकामी जमीन पाहून ती पूर्वीपासून रिकामीच होती, असे विद्यार्थ्यांनी समजू नये.

आता आकाराकडे वळू. पॅसिफिकमधले बुडणारे बेट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मालदीवसारखी वाळूची चपटी कंकणाकृती पट्टी येते. टेगुआ तसे नाही. ही बेटे म्हणजे समुद्रातून वर उचलल्या गेलेल्या प्रवाळखडकांचे पायऱ्यापायऱ्यांचे पठार आहे. शेजारच्या हिव बेटाचा माथा 366 मीटरपर्यंत जातो. एकेक पायरी ही एकेकाळची समुद्रसपाटीलगतची प्रवाळभित्तिका आहे, म्हणजेच हजारो वर्षांच्या हिशेबात ही जमीन वर आली आहे. या बेटांच्या पश्चिमेला सागरी गर्ता, म्हणजे समुद्रतळावरची खोल दरी, आहे आणि तिथे ऑस्ट्रेलियन भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) पूर्वेकडे, या द्वीपमालेच्या खाली शिरतो आहे. थोडक्यात, ‘टेगुआ बेट बुडत आहे’ हे वाक्य जसेच्या तसे चुकीचे आहे. धोका होता तो बेटाच्या काठावरच्या अरुंद सखल पट्टीला, आणि माणसे राहत होती नेमकी त्याच पट्टीत.

एवढे उंच पठार सोडून ती काठावर का राहत होती, असे आपले विद्यार्थी विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. काठाला राहिले की मासेमारी सोपी, होडी जवळ, शेजारच्या बेटाशी ये-जा सुलभ. शिवाय मिशनच्या काळापासून अनेक ठिकाणी वस्ती किनाऱ्याकडे सरकत गेली. मला मात्र सर्वांत वजनदार कारण पाण्याचे वाटते. चुनखडकावर पडलेला पाऊस वर थांबत नाही, भेगांमधून थेट खाली जातो. म्हणून भरपूर पावसाच्या अशा बेटावरही पठारावर ओढे-नाले जवळजवळ नसतात. आपल्याकडे कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यात पाणीच पाणी असते आणि फेब्रुवारीत घागरभर पाण्यासाठी खाली उतरावे लागते; चुनखडकात हीच गोष्ट अधिक तीव्र होते. खाली झिरपलेले गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. साधारण नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असेल त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत ते खाली असते. म्हणजे पातळी अर्धा मीटर वर असेल तर खाली साधारण वीस मीटर गोडे पाणी मिळायला हवे. हा आकडा कागदावरचा आहे. भेगाळ चुनखडकात पाणी बाजूने समुद्रात निसटून जाते आणि गोड्या पाण्याचा थर पातळ राहतो. असे पाणी हाताशी येते ते किनाऱ्यालगत, जिथे झरे फुटतात किंवा उथळ खड्डा खणला तरी पाणी लागते. वर पठारावर राहायचे तर तेवढी खोल विहीर खडकातून कोण खणणार?

याचा दुसरा अर्थ असा की, किनारा खाली गेला किंवा समुद्र वर आला तर घरात पाणी शिरण्याच्या बऱ्याच आधी विहीर मचूळ होते. कोकणात खाजणालगतच्या वाड्यांमध्ये मी हे अनेकदा पाहिले आहे: बांध फुटल्याची बातमी होते, पण त्याआधी दोन-तीन वर्षे बायका ‘डाळ शिजत नाही’ असे सांगत असतात आणि त्याची नोंद कुणी करत नाही. टेगुआबद्दल वाचतानाही माझे लक्ष लाटांच्या छायाचित्रांपेक्षा पाण्याच्या टाक्यांकडे गेले. त्याकडे पुढे येतो.

खाण्याचे म्हणाल तर या बेटांवर दुकानावर जगणे शक्यच नाही. प्रत्येक कुटुंबाची आत जंगलात बाग असते, तिला तिथल्या बिस्लामा भाषेत ‘गादेन’ म्हणतात. जंगलाचा तुकडा साफ करायचा, काही हंगाम पीक घ्यायचे, मग तो मोकळा सोडून दुसरीकडे सरकायचे, अशी ही फिरती शेती आहे. मुख्य पिके कंदांची. आपल्या कोनफळाच्या जातीचे मोठे कंद, अळूचे कंद, नंतरच्या काळात आलेला कसावा, जोडीला केळी, नारळ आणि नीरफणस. कोकणातल्या माणसाला या यादीत परके काही वाटणार नाही, आणि हे केवळ योगायोगाने नाही, कारण उष्ण, दमट किनाऱ्यांवर माणसांबरोबर हीच झाडे फिरली. फरक इतकाच की आपल्याकडे कंद उपासाला किंवा तोंडी लावायला असतो, तिथे तो भाताच्या जागी असतो. कंद किंवा केळी किसून, त्यात नारळाचे दूध घालून, पानांत गुंडाळून तापलेल्या दगडांवर भाजलेला ‘लापलाप’ हा साऱ्या वानुआतूचा सणासुदीचा पदार्थ आहे. डुकरे पाळली जातात, पण ती रोजच्या जेवणासाठी नसून समारंभ आणि देवघेवीसाठी असतात.

रोख पैशाचे मार्ग मोजकेच: सुके खोबरे, आणि टोरेस बेटांची खास ओळख असलेला नारळी खेकडा. जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद (सांधे असलेल्या पायांच्या) प्राण्यांमध्ये हा सर्वांत मोठा. वजन चार किलोपर्यंत जाते. इथून पकडलेले खेकडे सान्तो बेटावरच्या लुगनव्हिलला आणि राजधानी पोर्ट व्हिलाच्या हॉटेलांकडे जातात. हा प्राणी अतिशय सावकाश वाढतो, कित्येक दशके जगतो, आणि राहतो जमिनीवर तरी मादी अंडी सोडायला समुद्रकाठीच येते. पिल्ले सुरुवातीचे काही आठवडे समुद्रात तरंगत काढतात. म्हणजे मोठा खेकडा एकदा संपवला की त्याच्या जागी दुसरा यायला एक पिढी लागते. वानुआतूमध्ये खेकड्याचा किमान आकार ठरवून दिलेला आहे. साठ माणसांच्या बेटावर तो नियम पाळला जातो की नाही हे अखेरीस गावच ठरवते. मला विचाराल तर, प्रदर्शनात मुले सर्वांत जास्त वेळ या खेकड्याच्या चित्रापुढेच उभी राहतील.

दळणवळणाविषयी थोडक्यात सांगतो. टोरेस बेटांची धावपट्टी लिनुआवर आहे. लिनुआ आणि लो यांच्यामध्ये भरती-ओहोटीची अरुंद खाडी आहे. धावपट्टीवर छोटे विमान उतरते. टेगुआला जायचे तर पुढे होडी, आणि मालवाहू बोट येईल तेव्हा येईल. तोरबा प्रांताचे मुख्य ठिकाण सोला हेदेखील दूर, वानुआ लावा बेटावर आहे. प्रांताचे नाव टोरेस आणि बँक्स या दोन द्वीपसमूहांच्या नावांची आद्याक्षरे जोडून तयार झाले आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इतक्या थोड्या लोकांतही भाषा मात्र एक नाही: टोरेसमध्ये हिव आणि लो-तोगा या दोन स्वतंत्र भाषा आहेत, प्रत्येकीचे भाषक काही शे, आणि परस्परांशी व बाहेरच्यांशी बोलायला बिस्लामा. या भागातल्या भाषांत दिशा सांगताना डावे-उजवे फारसे वापरत नाहीत. ‘समुद्राकडे’ आणि ‘बेटाच्या आत’ अशा शब्दांनी सांगतात. आपणही ‘वर घाटावर’ आणि ‘खाली कोकणात’ म्हणतोच, पण तिथे घरातल्या घरातली वस्तूसुद्धा समुद्राच्या बाजूची किंवा आतल्या बाजूची असू शकते.

आता त्या गावाकडे येऊ. गावाचे नाव लातेऊ. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून उधाणाच्या भरतीला पाणी वस्तीत शिरू लागले, साचून राहू लागले, किनाऱ्यावरची नारळाची झाडे पाण्यात उभी दिसू लागली. साचलेल्या पाण्याबरोबर डास आणि हिवतापही आला. शेवटी कॅनडाच्या मदतीने चाललेल्या एका प्रादेशिक प्रकल्पातून गाव काही शे मीटर आत, उंचावर हलवले गेले. नव्या वस्तीचे नाव लिराक. या प्रकल्पाचा मुख्य भाग होता पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्यांचा. वर सांगितलेली पाण्याची अडचण लक्षात घेतली की त्याचे महत्त्व कळते: पत्र्याचे छप्पर, पन्हळ आणि टाकी मिळाल्यावरच पठारावर राहणे शक्य झाले. जमिनीचाही प्रश्न असतो. वानुआतूच्या राज्यघटनेच्या 73 व्या अनुच्छेदानुसार देशातली सगळी जमीन परंपरागत मालकांची आणि त्यांच्या वंशजांची आहे. म्हणून गाव हलवायचे तर आधी कुणाच्या जमिनीवर, हे आपसांत मिटवावे लागते. टेगुआवर गाव त्याच बेटावर, थोड्याच अंतरावर गेले, ही मोठीच सोय होती. पठार नसलेल्या चपट्या बेटावरच्या माणसांना हा पर्याय नसतो.

2005 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने एक पत्रक काढले आणि त्यात हे गाव हवामान बदलामुळे रीतसर हलवले गेलेले बहुधा पहिलेच असावे, असे म्हटले. ‘बहुधा’ हा शब्द पुढे बातम्यांमधून गळून पडला.

मोजणी झाली ती त्यानंतर. फ्रेंच आणि वानुआतूच्या संशोधकांनी टोरेस बेटांवर जीपीएसची केंद्रे वापरून जमिनीची उभी हालचाल मोजली, उपग्रहांच्या नोंदींवरून समुद्राची पातळी काढली, आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1997 ते 2009 या बारा वर्षांत समुद्र सुमारे 150 मिलिमीटर चढला होता, वीस मिलिमीटर कमी-अधिक. त्याच काळात बेटे सुमारे 117 मिलिमीटर खचली होती, तीस मिलिमीटर कमी-अधिक. दोन्हींची बेरीज केली तर काठावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्र सुमारे 267 मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून अधिक, वर आलेला दिसला. याशिवाय, या कालखंडाच्या दोन्ही टोकांना मोठे भूकंप झाले: एप्रिल 1997 मध्ये आणि ऑक्टोबर 2009 मध्ये. पहिल्यात बेटे काही क्षणांत काही शे मिलिमीटर खाली गेली, दुसऱ्यात काही प्रमाणात वर उचलली गेली. बारा वर्षांच्या संथ बदलापेक्षा एका भूकंपाचा धक्का मोठा ठरला. किनाऱ्यावरचे नारळ पाण्यात उभे दिसू लागले ते 1997 नंतर, ही गोष्ट या हिशेबात अगदी चपखल बसते.

आमच्या धंद्यातली जुनी चूक म्हणालो ती इथे येते. भरतीपट्टी, म्हणजे पाण्याची पातळी वाचायची खुणांची पट्टी, समुद्र मोजत नाही. ती ज्या खांबाला बांधली आहे त्याच्या तुलनेत समुद्र मोजते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका खाडीतल्या जेटीवरच्या पट्टीच्या दोन वर्षांच्या नोंदी मी तपासल्या, पाणी चार सेंटिमीटर चढल्याचे दिसले, आणि तसा अहवाल माझ्या सहीने पुढे गेला. पुढच्या हंगामात कातळात कोरलेल्या तलचिन्हापासून पट्टीच्या शून्यापर्यंत पुन्हा लेव्हल घेतली तेव्हा जेटीचा खांबच चिखलात उतरला होता, समुद्र होता तिथेच होता. तेव्हापासून ‘पाणी चढले’ असे कुणी सांगितले की मी पहिल्यांदा पट्टी कशाला बांधली आहे ते विचारतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीच्या नोंदी आहेत. तिथली जमीन भूपट्टाच्या काठावरची नसल्यामुळे तुलनेने शांत आहे, म्हणून आपल्याला या प्रश्नाची सवय राहिलेली नाही. टेगुआवर खांबच काय, अख्खे बेट हलते.

तरीही ‘जमीन खचली, म्हणजे हवामान बदलाची गोष्ट खोटी’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. मोजणीतच समुद्राचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. बारा वर्षांत 150 मिलिमीटर म्हणजे वर्षाला साडेबारा, आणि त्या काळात जगाची सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपास होती. हा जादा वेग कशामुळे? पश्चिम पॅसिफिकात व्यापारी वाऱ्यांच्या जोरानुसार काही वर्षे पाणी लोटले जाते आणि एल निनोच्या वर्षी, म्हणजे हे वारे मंदावतात तेव्हा, ते मागे सरते. 1997 चा एल निनो फार तीव्र होता, त्यामुळे मोजणीचा आरंभबिंदूच खालचा होता. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत मोजले यावर वेग बराच अवलंबून असतो, आणि तीस वर्षांची नोंद घेतली तर हाच आकडा वेगळा येईल. भूकंप मात्र कधी वर उचलतो, कधी खाली नेतो. समुद्राची दीर्घकालीन चाल एकाच दिशेने आहे. म्हणून पुढच्या पन्नास वर्षांचे नियोजन करताना मी दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवीन आणि बेरीज शेवटी करीन.

गाव हलवण्याचा निर्णय चुकला का, असे आपण एका ओळीत विचारले आहे. माझ्या मते मुळीच नाही. उंबऱ्याशी आलेल्या पाण्याला आपण वर आलो की घर खाली गेले याचा फरक पडत नाही. घरात राहणाऱ्यालाही त्या रात्री पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या आखणीत. केवळ समुद्र चढतो असे मानून नवे घर एक मीटर वर बांधले आणि पुढच्या भूकंपात किनारा अर्धा मीटर खाली गेला, तर हिशेब चुकेल. शिवाय गर्तेलगतच्या बेटावर त्सुनामीसाठीही उंची लागते. गाव सरळ पठाराकडे नेल्याने या तिन्ही गोष्टी एकदम साधल्या, मग पत्रकात कारण काहीही लिहिलेले असो.

फलकासाठी मी असे लिहीन: “टेगुआ बेटावरील लातेऊ गाव 2002 ते 2004 मध्ये उंचावर हलवण्यात आले. 1997 ते 2009 या काळात तिथे समुद्र सुमारे 150 मिलिमीटर चढला आणि जमीन सुमारे 117 मिलिमीटर खचली. याच काळाच्या दोन्ही टोकांना झालेल्या भूकंपांनी बेटांची उंची आणखी बदलली.” ‘समुद्राने गिळलेले गाव’ हे शीर्षक मात्र बदलावे. त्याखाली बेटाचा उभा छेद काढावा: डावीकडे गर्ता, मग समुद्र, सखल पट्टीवर लातेऊ, वर लिराक, त्याच्याही वर प्रवाळाच्या पायऱ्या आणि पोटात गोड्या पाण्याचा पातळ थर. उभे प्रमाण आडव्यापेक्षा बरेच वाढवावे लागेल, नाहीतर वीतभर पाणी कागदावर दिसणारच नाही. किती पट वाढवले तो आकडा छेदाच्या कोपऱ्यात मुलांकडून नक्की लिहून घ्यावा.